पंप दूध ओढत नाही: हाताने चालवायचा ब्रेस्ट पंप समजून घेताना

औषधाच्या दुकानातून हाताने चालवायचा ब्रेस्ट पंप घरी येतो. खोक्यातले प्लास्टिकचे आणि सिलिकॉनचे सातआठ भाग पलंगावर मांडले जातात, पाचसहा भाषांतल्या पत्रकात मराठी काही सापडत नाही, आणि बाळ झोपलेले असताना चाललेल्या वीस मिनिटांच्या खटाटोपानंतर बाटलीच्या तळाशी जेमतेम १५ मिलिलिटर दूध दिसते. मग घरातले सगळे त्या बाटलीकडे पाहतात, आणि कोणीतरी न राहवून म्हणतेच, "दूध कमी पडतंय वाटतं हिला." प्रसूती रजा संपत आलेली, कामावर रुजू होण्याची तारीख ठरलेली, आणि त्यात हे वाक्य. पंप कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा घरी येतो.

मुंबईत हा प्रसंग घरोघरी घडतो. त्याचे कारण दूध कमी असणे हे क्वचितच असते. बहुतेक वेळा पंपाविषयीची एक चुकीची कल्पना त्यामागे असते. हा पंप विहिरीवरच्या हापशासारखा आहे, जितका जोर लावू तितके वर येईल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पंप दूध ओढून काढत नाही. दूध बाहेर ढकलण्याचे काम आईचे शरीर करते आणि पंप त्याला फक्त तशी सूचना देतो. एवढी एक गोष्ट समजली की हात कसा चालवायचा, बाटलीतल्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे आणि ऑफिसात कुठे बसायचे, हे सगळे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

पान्हा म्हणजे नेमके काय

स्तन ही दुधाने भरलेली पिशवी नव्हे. त्याच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात आणि दूध तिथेच तयार होऊन साठते. प्रत्येक पोकळीभोवती स्नायूंसारख्या आकसणाऱ्या पेशींची जाळी असते. या घडातून निघालेल्या बारीक नळ्या स्तनाग्रापर्यंत येतात.

या व्यवस्थेवर मुख्यतः दोन संप्रेरकांची हुकमत चालते. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते. बाळ चोखू लागले की स्तनाग्राच्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो, मेंदूकडून ऑक्सिटोसिन रक्तात येते, त्या जाळ्या आवळल्या जातात आणि दूध नळ्यांमध्ये ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. काहींना त्या क्षणी मुंग्या आल्यासारखे वाटते, काहींना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकताना दिसते, तर काहींना काहीच जाणवत नाही. पण दूध मात्र वाहू लागते. एका पाजण्यात पान्हा एकदाच येतो असेही नाही, तो बहुधा दोनतीनदा येतो.

'पान्हा' हा शब्द मराठीने गोठ्यातही वापरला आहे आणि तिथला अनुभव इथे उपयोगी पडतो. म्हैस पान्हवल्याशिवाय कोणी धार काढायला बसत नाही. आधी पारडू सोडतात, ते दोनचार ढुशा देते, सड तटतटतात आणि मगच चरवी खाली येते. पान्हा चोरलेल्या म्हशीच्या सडाला कितीही झोंबले तरी थेंबांपलीकडे हाती काही लागत नाही. बाळंतिणीची तुलना म्हशीशी केल्याबद्दल कोणी नाक मुरडील, परंतु शरीरशास्त्र दोघींचे एकच आहे आणि गवळ्याला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे ते पंपाच्या पत्रकात बहुधा एका ओळीत उरकलेले असते.

पंपाच्या आत काय घडते

पंपाचे भाग मोजकेच असतात. स्तनावर बसणारे नरसाळे, त्याच्या मागे ताणला जाणारा सिलिकॉनचा पडदा, तो पडदा ओढणारा दांडा, दूध खाली सोडणारी पण हवा वर येऊ न देणारी छोटी झडप, आणि खाली बाटली. दांडा दाबला की पडदा मागे जातो, नरसाळ्यातली जागा वाढते, आतली हवा विरळ होते आणि स्तनाग्र नळीत ओढले जाते. दांडा सोडला की सारे पूर्ववत होते. ओढ आणि विसावा, ओढ आणि विसावा, एवढेच.

नळी घालून शहाळे पिताना आपण हेच करतो. फरक असा की शहाळ्यातले पाणी मोकळे असते, त्यामुळे ओढले की येते. स्तनातले दूध त्या द्राक्षांच्या घडात अडकलेले असते. पान्हा येईपर्यंत नळ्यांमध्ये फारसे काही नसतेच, आणि नसलेल्या गोष्टीवर ताण देऊन फक्त कातडी दुखते.

झडपेविषयी एक इशारा देऊन ठेवतो, कारण पंप बिघडल्याच्या बहुसंख्य तक्रारी तिथेच येऊन थांबतात. ही झडप बदकाच्या चोचीसारखी किंवा पातळ पाकळीसारखी असते. धुताना तिच्यात बोट घातले तर चीर वाढते, आणि नीट बसवली नाही तर ओढच निर्माण होत नाही. पंपाने अचानक काम करणे थांबवले तर नवा पंप घेण्याआधी झडप बदलून पाहावी.

दुसरी गोष्ट नरसाळ्याच्या मापाची. खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरच्या आसपासचे एकच माप येते आणि ते सर्वांना बसेल असे गृहीत धरलेले असते. चपलेच्या दुकानात सर्वांना एकच माप दिले तर आपण दुकानदाराशी भांडू. इथे मात्र दोष स्वतःच्या शरीराला देतो. पंप लावण्यापूर्वी स्तनाग्राच्या बुडाशी आडवी रुंदी मोजावी, भोवतालचा गडद भाग त्यात धरू नये. नळीचे माप त्याहून एक ते तीन मिलिमीटर मोठे असावे. दांडा दाबल्यावर स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढेमागे होत असेल तर माप बरोबर आहे. ते कडेला घासत असेल तर नळी लहान पडते आहे, आणि गडद भाग मोठ्या प्रमाणात आत खेचला जात असेल तर मोठी. अनेक कंपन्यांची वेगळ्या मापाची नरसाळी किंवा आत बसवायच्या लहान रिंगा स्वतंत्रपणे मिळतात.

जुन्या पद्धतीचा रबरी फुग्याचा पंप, म्हणजे सायकलच्या भोंग्यासारखा दिसणारा, अजूनही काही दुकानांत स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. त्याची ओढ हाताच्या नियंत्रणात राहत नाही आणि फुग्यात शिरलेले दूध धुऊन निघत नाही.

हात कसा चालवावा

बाळाला नीट पाहिले तर पंप चालवण्याचा धडा तिथेच मिळतो. छातीशी लागल्यावर बाळ आधी भराभर, उथळ चोखते. गिळण्याचा आवाज येत नाही. मिनिटभराने त्याची लय बदलते. चोखणे संथ आणि खोल होते आणि प्रत्येक एकदोन ओढींमागे गिळल्याचा आवाज येतो. पहिला भाग पान्हा बोलावण्याचा, दुसरा दूध पिण्याचा.

पंपही असाच चालवायचा. हात स्वच्छ धुऊन, पाठीला आधार घेऊन, किंचित पुढे झुकून बसावे. स्तनावर कोमट पाण्यात पिळलेला कपडा दोनतीन मिनिटे ठेवावा आणि बोटांच्या पेरांनी काखेकडून स्तनाग्राकडे हलके चोळावे. स्तनाग्र नरसाळ्याच्या बरोबर मध्ये येईल असे पाहावे. कडेला थोडे पाणी लावल्यास हवा सुटत नाही. मग दांडा अर्ध्यापर्यंतच दाबत साधारण सेकंदाला एक अशा छोट्या, जलद ओढी द्याव्यात. या वेळी बाटलीत काही पडत नाही आणि पडायलाही नको, म्हणून बाटलीकडे पाहूच नये. मिनिटा-दोन मिनिटांत थेंबांच्या जागी धारा दिसू लागल्या की लय बदलावी: दांडा सावकाश दाबायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. धारा ओसरून थेंब उरले की पुन्हा काही क्षण जलद ओढी द्याव्यात. पुष्कळदा दुसरा पान्हा येतो. तोही ओसरला की बाजू बदलावी. एका बाजूला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात.

मोकळ्या हाताने मध्ये मध्ये स्तन हलके दाबत राहिल्यास दूध अधिक निघते, कारण पंपाला फक्त ओढता येते. बाळ मात्र जीभ आणि जबडा यांनी दाबतेसुद्धा. ती उणीव हाताने भरून काढायची असते.

दुखता कामा नये. हे वाक्य मी वेगळे लिहितो आहे, कारण सोसण्याचे संस्कार आपल्याकडे बाळंतपणापासूनच सुरू होतात आणि ज्या पंपाने दुखते तोच जोराचा म्हणून चांगला, असेही सांगणारे भेटतात. वेदना आणि ताण यांमुळे ऑक्सिटोसिन अडते, म्हणजे पान्हाच अडतो. सहन होईल तितकी ओढ नव्हे, तर आरामदायक वाटेल तितकीच ओढ योग्य. मनगट भरून आले तर कोपराखाली उशी घ्यावी आणि हात बदलावा.

मनाचाही भाग आहेच. दारावर कोणी थाप मारेल या धास्तीत पान्हा लवकर येत नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा पाहुण्यांनी भरलेल्या वन बीएचकेमध्ये पडद्यामागची निवांत पंधरा मिनिटे मिळवून देणे हे घरातल्या इतरांचे काम आहे. ऑफिसात असताना बाळाचा व्हिडिओ पाहणे किंवा त्याचे न धुतलेले झबले जवळ ठेवणे हा उपाय भाबडा वाटला तरी पान्ह्याची यंत्रणा अशाच गोष्टींनी हलते.

"एवढेच आले?"

आता त्या १५ मिलिलिटरकडे वळू. बाळाला नुकतेच पाजले असेल आणि त्यानंतर तासाभरात पंप लावला असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून १५ ते ६० मिलिलिटर निघणे अगदी सामान्य आहे. बाळाच्या एका पाजण्याऐवजी पंप लावला तर ६० ते १२० मिलिलिटर निघते. सकाळी अधिक, संध्याकाळी कमी, हेही नेहमीचेच. एका बाजूने दुसरीपेक्षा बरेच जास्त येणे हीदेखील बहुसंख्य स्त्रियांची गोष्ट आहे. शिवाय पंप चालवणे हे कौशल्य आहे. पहिल्या आठवड्यातला आकडा चौथ्या आठवड्यात राहत नाही.

किती लागते याचाही हिशेब पाहू. एक ते सहा महिन्यांचे, केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी सरासरी ७५० मिलिलिटर दूध पिते. कोणी कमी, कोणी जास्त. म्हणजे तासाला साधारण ३० मिलिलिटर. वसईहून सकाळी ८ ची गाडी पकडून संध्याकाळी ७ ला घरी पोहोचणाऱ्या आईच्या बाळाला मधल्या ११ तासांसाठी साडेतीनशेच्या आसपास दूध लागेल. फ्रीझर भरून ठेवायची आवश्यकता नसते. पहिल्या दिवसापुरते आणि वर थोडे राखीव असले की पुढे आजचे काढलेले उद्या, असे चक्र चालते.

पंपाच्या बाटलीवरून दूध पुरते की नाही हे ठरवता येत नाही, कारण नीट छातीशी लागलेले बाळ कोणत्याही पंपापेक्षा अधिक चांगल्या रीतीने दूध काढून घेते. खरे मोजमाप बाळापाशी आहे. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होणे, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचे वजन भरून येणे आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढणे, ही चिन्हे असतील तर दूध पुरेसे आहे, मग बाटलीत काहीही दिसो. ही चिन्हे नसतील तर मात्र घरगुती तर्क न लढवता बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.

पहिल्या दोनतीन दिवसांबद्दल वेगळे सांगायला हवे. त्या वेळी येतो तो चीक, घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. नवजात बाळाच्या जठरात पहिल्या दिवशी जेमतेम चमचाभर मावते, त्यामुळे तेवढा पुरतोही. चीक पंपाने काढू नये. तो पंपाच्या कडांना चिकटून वाया जातो. तो हातानेच चमच्यात काढावा.

पंप लावल्याने दूध आटेल का?

ही शंका आपल्या मनात येते, कारण इमारतीच्या गच्चीवरची टाकी आपण रोज पाहतो. पाणी खाली काढले की टाकी रिकामी, पुन्हा येईल ते उद्या सकाळी, पालिकेच्या वेळेला. स्तन टाकीसारखे काम करत नाहीत, ते गावाकडच्या विहिरीसारखे काम करतात. उपसा झाला की झरे मोकळे होतात आणि उपसा थांबला की गाळ धरतात. दूध साचून राहिले की ते तयार होण्याचा वेग शरीर आपोआप कमी करते, आणि निघाले की वाढवते. म्हणून कामाच्या जागी दिवसभर दूध न काढणे हाच ते आटण्याचा हमखास मार्ग आहे. साधारण तीन तासांनी एकदा काढणे इष्ट.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे आणि उत्साही बाळंतिणी तिथे फसतात. बाळ नीट पीत असताना पहिल्या तीनचार आठवड्यांत "साठा करून ठेवू" म्हणून वारंवार पंप लावला, तर शरीर जुळे असल्याच्या हिशेबाने दूध बनवू लागते. छाती दगडासारखी भरते, गाठी धरतात, बाळाला धार आवरत नाही. निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने रुजू होण्याच्या दोनतीन आठवडे आधी, दिवसातून एकदा, सकाळच्या पाजण्यानंतर पंपाची सुरुवात केली तर पुरते. बाळ नवजात अतिदक्षता विभागात असेल तर गोष्ट निराळी: तिथे जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढावे लागते, आणि ते डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या मार्गदर्शनाखालीच.

छाती दाटून इतकी कडक झाली की स्तनाग्र सपाट होते, तेव्हा आधी हाताने थोडे दूध काढून भाग मऊ करावा, मग बाळाला लावावे किंवा पंप लावावा, आणि नंतर गार कपड्याने शेकावे. एखादा भाग लाल, गरम, दुखरा होऊन ताप आला तर तो स्तनदाह असू शकतो. अशा वेळी पाजणे थांबवायचे नसते, पण पूर्ण रिकामे करण्याच्या नादात पंप तासन्‌तास चालवायचाही नसतो, कारण त्याने सूज वाढते. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

फ्रिजमधले दूध शिळे नाही का?

आजीबाईंच्या या प्रश्नामागे कळकळ आहे आणि अनुभवही आहे. फ्रिज नसलेल्या मुंबईत काढून ठेवलेले दूध खरोखरच नासत असे. परंतु आईच्या दुधात जंतूंशी लढणारी द्रव्ये आणि जिवंत पेशी असतात, त्यामुळे ते गाईच्या दुधाइतक्या झटपट बिघडत नाही. गोठवल्याने त्यातले काही गुण कमी होतात, पण पोषण टिकते आणि पावडरच्या दुधाहून ते निश्चितच सरस राहते.

याचा मोठा दाखला मुंबईतच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. तिथे मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, गोठवून ठेवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. दुसऱ्याच्या आईचे, गोठवलेले दूध इतक्या नाजूक बाळांना जगवते, तर स्वतःच्या आईचे कालचे दूध धडधाकट बाळाला चालणारच.

ठेवण्याचे नियम मात्र काटेकोर पाळावेत. खोलीत २५ अंशांपर्यंत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत, असे सर्वसाधारण मान आहे. पण २५ अंश हे मुंबईत वर्षातल्या थोड्याच दिवसांचे तापमान. एप्रिल-मेमध्ये, किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, चार तासांवर विसंबू नये आणि दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवावे. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा खरा फ्रीझर नव्हे. त्यातले दूध दोन आठवड्यांत वापरावे. डबी दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवावी, तिच्यावर तारीख लिहावी, आणि एका डबीत ६० ते ९० मिलिलिटरच भरावे म्हणजे फेकायची वेळ येत नाही. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांत संपवावे. वितळवलेले दूध फ्रिजमध्ये चोवीस तास चालते, पण पुन्हा गोठवू नये.

वर साय धरली किंवा दूध निळसर दिसले तर ते नासलेले नसते. डबी हलकेच गोल फिरवली की एकजीव होते. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच एका पाचकद्रव्याचा असतो आणि अपायकारक नसतो. गॅसवर उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून कोमट करावे.

धुण्याचे काम कंटाळवाणे आहे पण टाळता येत नाही. पंपाचे भाग प्रत्येक वेळी सुटे करून, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या पातेल्यात साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत आणि बाळ लहान असेपर्यंत दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. पावसाळ्यात ते वाळत नाहीत म्हणून फडक्याने पुसण्याचा मोह होतो. स्वयंपाकघरातले फडके हेच जंतूंचे घर असते, तेव्हा स्वच्छ कोऱ्या कागदी नॅपकिनवर पंख्याखाली ठेवावेत. मैत्रिणीचा वापरलेला पंप आपुलकीने मिळाला तरी घेऊ नये.

मग बाटली आलीच ना?

यावयाची गरज नाही. वाटी-चमचा आपल्या घरात आहे, बोंडले अनेक घरांत अजून आहे, आणि रुग्णालयांतही लहान बाळांना वाटीने पाजले जाते. बाळाला जवळजवळ उभे धरून वाटीची कड ओठाला टेकवायची आणि त्याला स्वतःहून चाटू द्यायचे, ओतायचे नाही. बोंडल्याची चोच आतून घासता येत नाही, म्हणून ते उकळलेच पाहिजे. बाटलीबद्दल आपल्या कायद्यालाही धास्ती आहे: १९९२ च्या कायद्याने अर्भकांच्या दुधाच्या पावडरीची आणि दूध पाजण्याच्या बाटलीची जाहिरात करण्यास देशात बंदी आहे.

विजेचा पंप का नाही?

दिवसातून तीनचार वेळा, रोज, महिनोन्‌महिने दूध काढायचे असेल किंवा बाळ रुग्णालयात असेल, तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप सोयीचा, यात वाद नाही. हाताचा पंप सावकाश चालतो आणि हात दमवतो. पण तो आवाज करत नाही, चार्जिंग मागत नाही, पर्समध्ये मावतो, किंमत बरीच कमी असते आणि ओढ किती द्यायची हे सर्वस्वी आपल्या मुठीत राहते. (विजेच्या पंपाच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक होते एडवर्ड लास्कर, जे बुद्धिबळपटू म्हणूनच जास्त ओळखले जातात.)

ऑफिस, लोकल आणि कायदा

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा असावी लागते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा विश्रांतीवेळा १९६१ च्या मूळ कायद्यातही होत्या आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. कागदावर हे उत्तम आहे. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या पाळणाघराचा विरारच्या बाळाला उपयोग कसा व्हावा? सहा महिन्यांचे मूल घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढण्याची कल्पना ज्याने कधी चढून पाहिले नाही त्यालाच सुचते. कायदा बाळाला पाजण्याविषयी बोलतो, दूध काढून ठेवण्याविषयी त्यात शब्द नाही. तेव्हा त्याच दोन वेळा पंपासाठी मिळाव्यात अशी लेखी विनंती रुजू होण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे. तिच्यात तीन गोष्टी मागाव्यात: आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि फ्रिजमधला एक कोपरा. स्वच्छतागृहात दूध काढायला सांगणे म्हणजे तिथे बसून डबा खायला सांगण्यासारखे आहे.

रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीच्या नावाने राज्यात एसटी स्थानकांवर आणि शासकीय कार्यालयांत हिरकणी कक्ष सुरू झाले. जवळपास असा कक्ष असेल तर तो पंपासाठीही निःसंकोच वापरावा.

परतीच्या प्रवासासाठी जाड अस्तराची पिशवी आणि गोठवलेले दोन आइसपॅक पुरतात. त्यात दूध चोवीस तास टिकते. जुलैत रुळांवर पाणी भरून गाडी दोन तास अडकली तरी दूध सुरक्षित असते. आईची छाती मात्र तोवर भरून येते, आणि पंपाची झडप नेमकी त्याच दिवशी घरच्या पातेल्यात राहिलेली असते. अशा वेळेसाठी हाताने दूध काढणे प्रत्येकीला यायला हवे. अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून दोनतीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबावीत, सोडावे, आणि कातडीवर न घसरता जागा बदलत हेच पुन्हा करावे. पहिले मिनिटभर हाताला काही लागणार नाही. तेवढा वेळ पान्ह्याला लागतोच.